‘एक जोडी द्या’ म्हणण्याआधी

गप्पीची पिल्लं वाढवायची ठरवली की एका टाकीत भागत नाही. चौथा आठवडा सरायच्या आत दुसरी टाकी मांडावीच लागते, एक नरांची आणि एक माद्यांची. हे शिस्तीचं वेड नव्हे. गप्पीचा नर दोन महिन्यांचा होण्याआधीच वयात येतो आणि एकाच वेतातल्या बहिणींच्याही मागे लागतो. मादीला एकदा नर लागला की त्याचं वीर्य ती शरीरात साठवून ठेवते आणि पुढे कित्येक महिने, टाकीत एकही नर नसताना, साधारण दर महिन्याला पिल्लं देत राहते. त्रिनिदादच्या ओढ्यांतल्या गप्पींवरचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात तर मरून दहा महिने झालेले नर नव्या पिल्लांचे बाप निघाले. म्हणजे निळ्या शेपटीची जात शुद्ध राखायची असो, की नुसतीच टाकीतली गर्दी आवरायची असो, जे काही करायचं ते त्या पहिल्या तीन-चार आठवड्यांतच. तेव्हा पिल्लू जेमतेम सेंटिमीटरभराचं असतं आणि रंगाचा अजून पत्ता नसतो.

नवखा माणूस रंगाची वाट बघत बसतो. नर रंगीत आणि मादी करडी, हे गप्पीच्या बाबतीत खरंच आहे. पण रंग भरेपर्यंत थांबलं तर बऱ्याचदा उशीर झालेला असतो. खरी खूण पोटाखाली आहे. माशाच्या पोटाखाली पुढच्या बाजूला परांची एक जोडी असते आणि तिच्या मागे, गुदद्वाराला लागून, एकटाच एक पर असतो. त्याला गुदपर म्हणतात. जन्मताना सगळ्याच पिल्लांचा हा पर सारखा असतो, उघडलेल्या पंख्यासारखा. मादीचा तो जन्मभर तसाच राहतो. नराच्या परात मात्र तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास बदल सुरू होतो. त्यातली तिसरी, चौथी आणि पाचवी काडी जाड आणि लांब होत जाते, बाकीच्या मागे पडतात आणि अख्खा पर आवळत आवळत एक बारीक टोकदार दांडी बनतो. हेच नराचं मीलनाचं इंद्रिय. त्याला गोनोपोडियम म्हणतात.

पूर्ण तयार झालेलं गोनोपोडियम लहान मुलालाही दाखवता येतं. कस लागतो तो अर्धवट अवस्थेत. सुरुवातीला एवढंच दिसतं, की पराची पुढची कड जरा ठसठशीत झाली आहे आणि मागचा गोलसर कोपरा तिरका कापल्यासारखा वाटतो आहे. पिल्लू अंग वळवतं तसा हा पर क्षणात मिटतो, क्षणात उघडतो, त्यामुळे मिटलेला मादीचा पर नराचा वाटणं अगदी सहज घडतं. पर पूर्ण उघडलेला बघितल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, हा यातला पहिला नियम.

दुसरी खूण याच्या शेजारीच आहे. गुदपराच्या किंचित वर आणि पुढे मादीच्या अंगात काळसर डाग दिसतो. हौशी लोक त्याला ‘ग्रॅव्हिड स्पॉट’ म्हणतात. पोटातली पिल्लं वाढतात तसा तो गडद आणि मोठा होतो आणि दिवस भरत आले की फिकट रंगाच्या माद्यांत आतल्या पिल्लांचे डोळेही ठिपक्यांसारखे दिसतात. गंमत म्हणजे गाभण राहण्याच्या कितीतरी आधी, दोन-तीन आठवड्यांच्या मादी पिल्लातही, या डागाची पुसट सावली असते. घोटाळा एवढाच, की नुकतंच खाल्लेल्या पिल्लाचं भरलेलं आतडंही काळपट दिसतं. म्हणून ही तपासणी सकाळी, खाणं टाकण्याआधी करावी. अल्बिनो आणि सोनेरी जातींत डाग दिसतच नाही किंवा नारिंगी दिसतो. तिथे परावरच भिस्त ठेवावी लागते.

तपासायची रीत सोपी आहे. पिल्लाला हातात धरायचं नाही; जाळीतून उचलून पाण्याबाहेर निरखत बसायचं नाही. प्लॅस्टिकची पारदर्शक, अरुंद डबी घ्यायची, इतकी अरुंद की पिल्लाला तिच्या भिंतीला समांतरच राहावं लागेल. टाकीचंच पाणी तिच्यात भरायचं, पिल्लू सोडायचं आणि मागून जरा तिरका टॉर्च धरायचा. दहापट मोठं दाखवणारं भिंग असलं तर उत्तम, नसेल तर मोबाईलवर जवळून व्हिडिओ काढून तो थांबवत थांबवत बघायचा. पंचवीस-तीस पिल्लांचं एक वेत तासाभरात उरकतं. पाणी २५-२६ अंशांच्या आसपास असेल आणि आर्टेमिया या बारीक जलजीवाची ताजी पिल्लं खायला मिळत असतील तर खुणा लवकर उमटतात; थंडीत, नुसत्या कोरड्या खाण्यावर वाढलेली पिल्लं मागे राहतात. त्यामुळे कॅलेंडरमधल्या तारखेपेक्षा पिल्लाच्या अंगाकडे बघणं बरं.

काही पिल्लं या तपासणीत ना इकडची ना तिकडची ठरतात. त्यांचं काय करायचं? ती सरळ नरांच्या टाकीत टाकावीत. नरांत गेलेली एखादी मादी निघाली तर फार तर ती एक मादी हातची जाते. पण माद्यांत राहिलेला एक नर निघाला, तर सगळ्या टाकीवर पाणी सोडावं लागतं. आणि माद्यांच्या टाकीवर पुढचे काही आठवडे रोज नजर ठेवायची, कारण उशिरा वयात येणारे नर प्रत्येक वेतात एखाद-दुसरे निघतात.

या उशिराच्या नरांचं एक वैशिष्ट्य आहे. गप्पी, प्लॅटी, स्वोर्डटेल या सगळ्या पिल्लं घालणाऱ्या माशांत गोनोपोडियम पूर्ण झालं की नराची वाढ जवळजवळ थांबते. साहजिकच लवकर वयात आलेला नर बारका राहतो आणि जो उशीर करतो तो चांगला थोराड होतो. स्वोर्डटेलमध्ये तर वर्षभर मादी समजून सांभाळलेल्या भरदार माशाला एके दिवशी शेपटीखाली तलवार फुटते आणि ‘आमच्या मादीचा नर झाला’ अशी कथा गावभर होते. अशा बहुतेक कथांच्या मुळाशी एक आळशी नर असतो. बदल वगैरे काही झालेला नसतो.

रंग उशिरा का येतो, याचं उत्तर मात्र ओढ्यात आहे. शास्त्रज्ञ जॉन एंडलर यांनी १९८० साली दाखवून दिलं, की ज्या पाण्यात गप्पी खाणारे मोठे मासे आहेत तिथले नर काही पिढ्यांत फिके होत जातात आणि शत्रू नसलेल्या पाण्यात पुन्हा ठिपक्या-ठिपक्यांचे होतात. रंग मादीला आवडतो तसाच शिकाऱ्यालाही दिसतो. मग ज्या वयात मादीशी अजून काही देणंघेणं नाही त्या वयात तो अंगावर मिरवण्यात काय शहाणपण? त्याआधीच, १९२० आणि १९२२ मध्ये, योहानेस श्मिट आणि ओइविंद विंगे या दोन डॅनिश संशोधकांनी गप्पीच्या नराचे काही रंग बापाकडून थेट मुलाकडेच जातात हे सिद्ध केलं होतं. वाय गुणसूत्रावरून चालणाऱ्या वारशाचं हे अगदी सुरुवातीच्या उदाहरणांपैकी एक. रंगाची काही जनुकं मादीतही असतात, फक्त ती झाकलेली असतात. नराचं संप्रेरक दिलं तर मादीच्या अंगावरही रंग उमटतात. म्हणूनच अगदी बारक्या वयात झगमगीत रंगांची पिल्लं कोणी दाखवली, तर जुने पाळणारे ती संशयानं बघतात. त्यांचं चुकत नाही.

आपल्याकडे गप्पी अनेकांना टाकीपेक्षा विहिरीतून ठाऊक आहे. मूळचा व्हेनेझुएला-त्रिनिदादकडचा हा मासा डासांच्या अळ्या खातो, म्हणून आरोग्य खात्याची आणि महापालिकांची गप्पी पैदास केंद्रं असतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर विहिरी, हौद, साचलेली डबकी यांत गप्पी सोडले जातात. तिथे नर-मादी निवडायचा प्रश्नच येत नाही. एक गाभण मादी पडली तरी डबकं भरतं. त्याच कारणानं घरची जास्तीची पिल्लं नदी-ओढ्यात नेऊन सोडू नयेत. तिथले मूळ रहिवासी मासे त्यांना पुरे पडत नाहीत.

गप्पीचा अभ्यास पुरा झाला की माणसाला वाटतं आता कुठलाही मासा ओळखता येईल. तिथे एंजल त्याला जमिनीवर आणतो.

“दादा, एंजलची एक जोडी द्या.”

“छोटे देऊ की मोठे?”

“छोटेच द्या. नर-मादी बघून द्या पण.”

दुकानदार दोन मासे पिशवीत भरतो, हवा मारतो, रबर लावतो. गिऱ्हाईक खूश होऊन जातं. त्या रुपयाएवढ्या एंजलमध्ये नर कोण आणि मादी कोण, हे दुकानदाराला माहीत नसतं, पैदास करणाऱ्याला माहीत नसतं आणि मत्स्यशास्त्राच्या प्राध्यापकालाही नुसतं बघून सांगता येणार नाही. मोठ्या नराच्या कपाळाला उंचवटा येतो, मादीचं पोट गोल असतं, असे आडाखे आहेत. भरपूर वाढलेल्या माशांत ते कधी जुळतात, कधी फसतात, पिल्लांत तर त्यांचा काडीचा उपयोग नाही. खात्रीची खूण एकच आणि ती अंडी घालायच्या वेळीच दिसते. तेव्हा दोघांच्याही पोटाखाली एक नळी बाहेर येते, नराची बारीक आणि टोकदार, मादीची जाड आणि बोथट. हे सगळं साधारण आठ महिने ते वर्षाच्या वयात. तोवर अंदाज म्हणजे छापा-काटा.

त्यातही एंजल आणखी एक चकवा देतो. टाकीत दोन्ही माद्याच असल्या तरी त्या जोडी जमवतात, पान स्वच्छ करतात, आळीपाळीनं अंडी घालतात, परांनी वारा घालत राखणही करतात. मालकाला वाटतं, झालं आपलं काम. दोन-तीन दिवसांत सगळी अंडी पांढरी पडतात. मग तो पाण्याला दोष देतो, फिल्टर बदलतो, औषधं टाकतो. अंडी नेहमीपेक्षा दुप्पट दिसली आणि सगळीच पांढरी झाली, तर औषधाच्या बाटलीकडे हात नेण्याआधी दोन्ही माशांच्या नळ्या बघाव्यात. डिस्कसचीही हीच कथा.

म्हणून पैदास करणारे ‘जोडी’ घेतच नाहीत. ते सहा किंवा आठ पिल्लं घेतात, एकत्र वाढवतात आणि निवड माशांवर सोडून देतात. सहाच्या सहा एकाच लिंगाचे निघण्याची शक्यता निम्मे-निम्मे धरलं तर बत्तिसात एक. दोनच घेतले तर ती दोनात एक. हिशेब इतका उघड असूनही दुकानात ‘एक जोडी द्या’ हेच वाक्य चालतं, कारण पिशवी स्वस्त पडते. वर्षभर सांभाळून दोन बहिणी हाती आल्यावर मग ती महाग पडते.

गोल्डफिश या बाबतीत आणखी सावकाश. पहिलं वर्ष तरी काही विचारू नये. त्यानंतर, विणीच्या हंगामात, नराच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीच्या परांच्या पुढच्या कडेवर बारीक पांढरे दाणे येतात. रवा चिकटावा तितके बारीक आणि ओळीत. हे नरपणाचं लक्षण आहे. मात्र कितीतरी घरांत त्याला ‘पांढऱ्या ठिपक्यांचा रोग’ समजून निळं औषध ओतलं जातं. फरक ओळखणं कठीण नाही. रोगाचे ठिपके अंगभर, शेपटीवर, कुठेही विखुरलेले असतात आणि मासा दगडांना अंग घासतो. दाणे फक्त कल्ल्यांवर आणि परांच्या कडांवर असतील आणि मासा ठणठणीत खात असेल, तर तो नर आहे आणि त्याचं सगळं उत्तम चाललं आहे.

फायटरमध्ये घाई केली तर रक्त सांडतं. लांब झुपकेदार परांचा तो नर आणि आखूड परांची ती मादी, हा ढोबळ नियम. पण आखूड शेपटीच्या प्लाकाट जातीतला कोवळा नर हुबेहूब मादीसारखा दिसतो आणि मादी म्हणूनच विकला जातो. घरी चार ‘माद्यां’च्या टाकीत तो गेला की आठवड्याभरात सगळ्यांच्या शेपट्या फाटतात. मादीच्या पोटाखाली पुढच्या परांच्या मागे पांढरा दाणा दिसतो, तिथूनच ती अंडी सोडते. पण तसा दाणा काही कोवळ्या नरांतही असतो. त्यापेक्षा मागून टॉर्च धरून बघावं. फिकट रंगाच्या मादीत आतड्याच्या पोकळीमागे पिवळसर त्रिकोणी अंडाशय दिसतं. आणि आरसा दाखवावा. नर रागानं कल्ले फुलवतो तेव्हा कल्ल्याखालून दाढीसारखा मोठा काळा पडदा बाहेर येतो. मादीचा तो इवलासा असतो.

बाकीच्यांचं थोडक्यात. मोती गुरामीच्या नराचा पाठीवरचा पर टोकदार होत जातो, मादीचा गोल राहतो. कोरिडोरस वरून बघावेत, मादी रुंद. निऑन टेट्रात मादीचं पोट भरलं की निळी रेघ वाकलेली दिसते, नराची सरळ. आणि केरळच्या नद्यांतला आपला लाल रेघेचा ‘मिस केरला’ मासा, ज्याचं जगभर कौतुक होतं, तो पूर्ण वाढला तरी बाहेरून फारसा थांग लागू देत नाही.

हे असं का? माणसाच्या बाळाचं लिंग गर्भधारणेच्या क्षणीच गुणसूत्रांनी ठरलेलं असतं, म्हणून आपल्याला वाटतं माशातही ते कुठेतरी ठरलेलंच असणार, आपल्याला फक्त दिसत नाही. कित्येक माशांत खरंच अजून ठरलेलं नसतं. झेब्राफिश घ्या. गंगेच्या खोऱ्यापासून इथल्या ओढ्यांपर्यंत सापडणारा, कोणत्याही दुकानात मिळणारा आणि मुंबई-पुण्याच्या संशोधन संस्थांतही पाळला जाणारा हा बोटाच्या पेराएवढा मासा. त्याच्या प्रत्येक पिल्लात, पुढे ते काहीही होणार असो, आधी कोवळं अंडाशयच तयार होतं. जपानी संशोधक ताकाहाशी यांनी १९७७ साली हे नोंदवलं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या आसपास काही पिल्लांत ते अंडाशय विरतं आणि त्याच जागी वृषण घडतं. तेव्हा दोन आठवड्यांच्या झेब्राफिशकडे बोट दाखवून नर की मादी विचारलं, तर प्रश्नच चुकलेला असतो.

काहींच्या बाबतीत पाणी ठरवतं. दक्षिण अमेरिकेतल्या अपिस्टोग्रामा या छोट्या सिक्लिड माशांच्या अनेक जातींवर रोमर आणि बायझेनहेर्त्झ या जर्मन संशोधकांनी केलेलं काम १९९६ साली प्रसिद्ध झालं. बहुतेक जातींत पिल्लांच्या सुरुवातीच्या दिवसांत पाणी जितकं उबदार, तितके नर जास्त निघाले. पश्चिम आफ्रिकेतल्या क्रिबेन्सिसमध्ये पाण्याची आम्लता वाढली की नरांचं पारडं जड होतं. एखाद्याच्या टाकीत वेतामागून वेत सगळे नरच निघत असतील, तर नशिबाला बोल लावण्याआधी हीटरचा आकडा आणि पाण्याचा पीएच तपासून बघावा. खाण्याच्या माशांच्या शेतीत हाच कच्चेपणा धंद्यासाठी वापरतात. तिलापियाचे नर लवकर वाढतात, म्हणून पिल्लांना पहिले तीन-चार आठवडे संप्रेरक मिसळलेलं खाद्य देऊन तळं जवळजवळ पूर्णपणे नरांचंच केलं जातं.

सर्वांवर कडी क्लाउनफिशची, म्हणजे दुकानात ज्याला लहान मुलं निमो म्हणतात त्याची. समुद्रफुलात राहणाऱ्या त्यांच्या टोळीत सर्वांत मोठा मासा ती मादी, दुसरा तिचा नर आणि बाकीचे सगळे बारके, अजून पैदाशीत न उतरलेले. मादी मेली की काही आठवड्यांत नरच मादी होतो आणि बारक्यांतला थोरला नराची जागा घेतो. हान्स आणि सिमोन फ्रिके यांनी १९७७ साली ‘नेचर’मध्ये याचा सविस्तर वृत्तांत दिला. एकदा मादी झालेला मासा मात्र पुन्हा नर होत नाही. म्हणजे क्लाउनफिशच्या पिल्लात मादी शोधणं व्यर्थ आहे. ती तिथे नाहीच.

म्हणून क्लाउनफिश घ्यायला गेलात तर नर-मादी विचारत बसू नका. एकाच जातीची दोन पिल्लं मागा, एक ठळकपणे मोठं आणि एक लहान, आणि दोन्ही एकाच दिवशी टाकीत सोडा. पहिले काही दिवस थोडी ढकलाढकली होईल, लहान मासा मोठ्यापुढे आडवा होऊन थरथरेल. घाबरून त्यांना वेगळं करू नका. दोन मोठ्या, वाढलेल्या माद्या तेवढ्या एकत्र आणू नका. त्यांतली एकच उरेल.